चादरीचे दुसरे टोक

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांच्या निवासी केंद्रात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते आणि वास, स्पर्श, रंग, आवाज यांवर आधारलेली सत्रे घेते. गट सहा-सात जणांचाच असतो, टीव्ही बंद असतो, आणि ‘हे काय आहे, आठवते का?’ असे कोणीही विचारायचे नाही, हा नियम मी कटाक्षाने पाळते; कारण उत्तर सुचले नाही की माणूस ओशाळतो आणि हातातली वस्तूही खाली ठेवून देतो.

त्या दिवशी सुरुवात वासांच्या बाटल्यांनी झाली. वासाने जुन्या आठवणी जाग्या होतात हे खरे असले, तरी अल्झायमरमध्ये वास ओळखण्याची क्षमता बहुधा फार लवकर मंदावते, अनेकदा विसरभोळेपणा ठळक होण्याच्याही आधी. अलीकडे जवळजवळ अबोल झालेल्या एका आजींनी प्रत्येक बाटली नाकाशी नेली आणि निर्विकारपणे पुढे सरकवली. मग मी कापडाच्या तुकड्यांची टोपली त्यांच्यापुढे ठेवली. मखमल, लोकर, रेशीम सारे बाजूला सारून त्यांनी टोपलीच्या तळाशी अंथरलेली साधी सुती चादर ओढून काढली.

दोन कोपरे चिमटीत धरून त्यांनी ती झटकली आणि समोरच्या काकांकडे पाहिले. हे काका एरवी पाच मिनिटेही खुर्चीत टिकत नाहीत; ते उठले, पण दाराकडे न जाता त्यांनी उरलेले दोन कोपरे उचलले. आजींनी चादर ताणली, काकांनीही तितकीच ताणली, आजींनी हात सैल सोडला तसे काका पुढे आले, आणि काकांकडची कड वाकडी दिसताच आजी म्हणाल्या, “अहो, काठ सरळ धरा की!”

कित्येक आठवड्यांत त्यांच्या तोंडून पुरे वाक्य मी ऐकले नव्हते.

त्यांना घडी घालता आली याचे मला नवल वाटले नाही. हातवळणी पडलेली कामे मुख्यतः मेंदूतल्या बेसल गँग्लिया आणि सेरेबेलम या भागांवर अवलंबून असतात आणि नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या मानाने त्यांना अल्झायमरची झळ उशिरा पोचते. मला मोलाचे वाटले ते वाक्य. समोरच्याला काही सांगण्याची गरज पडली म्हणून ते आले. एकटीनेच मखमल कुरवाळत बसल्यावर बोलायला कारणच उरत नाही. म्हणूनच प्रत्येकाच्या हाती एकेक वस्तू देऊन बसवण्याला मी गटकृती मानत नाही.

ते वाक्य मी नोंदवहीत जसेच्या तसे लिहिले आणि पुढच्या सत्रासाठी चौघांना मिळून धरता येईल अशी मोठी चादर मागवली.