फाईल दिसतेय, पण उघडत नाही

अण्णांचं औषधांचं होलसेल दुकान. शनिवारी संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली, आणि लाईट आल्यावर बिलिंगचा पीसी काही चालू होईना. मदरबोर्ड गेला होता. हार्डडिस्क मात्र शाबूत! ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली, बिलिंग सॉफ्टवेअरचा सगळा डेटा ज्यात असतो ती एमडीएफ फाईल डेस्कटॉपवर कॉपी केली आणि म्हटलं, अर्ध्या तासात एसक्यूएल सर्व्हरला, म्हणजे हा डेटा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, अटॅच करून (जोडून) देतो.

पहिल्याच क्लिकला एरर ५१२०. खाली लिहिलेलं, ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड.

फाईलवर राईट क्लिक करून सिक्युरिटीत माझ्या नावाला फुल कंट्रोल दिला. तीच एरर. रीस्टार्ट केलं, तरी तीच. अण्णा शेजारी चहा घेऊन उभे. "अरे, फाईल तर दिसतेय की, मग उघडत का नाही?"

त्यांच्या या प्रश्नावरच माझी ट्यूब पेटली. फाईल मला दिसत होती, सर्व्हरला नाही. एसक्यूएल सर्व्हर ही विंडोजमधली एक सर्व्हिस आहे आणि ती स्वतःच्या वेगळ्या खात्याने चालते. माझ्या डेस्कटॉपवर त्या खात्याला प्रवेशच नाही. मी तासभर किल्ली स्वतःच्याच खिशात घालत होतो. 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन मोकळं व्हायचा मोह झाला, पण त्यात दुकानाची सगळी उधारी आहे, म्हणून आवरला. फाईल सर्व्हरच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये टाकली. टाकताना कॉपीच करावी. त्याच ड्राइव्हवर कट करून नेली तर जुन्या परवानग्या सोबत येऊ शकतात, कॉपी केली की नव्या फोल्डरच्या लागतात.

५१२० गेली, ९४८ आली. डेटाबेसचं व्हर्जन ९०४, हा सर्व्हर ८६९ पर्यंतच घेतो. म्हणजे फाईल एसक्यूएल सर्व्हर २०१९ ची आणि या मशीनवर २०१७. नव्याची फाईल जुन्यावर चढत नाही, त्यात जुगाड नाही. उलट दिशेने चढते, पण चढताना फाईलच अपग्रेड होते आणि मग मागे फिरता येत नाही. म्हणून मूळ फाईलला हात न लावता कॉपीवरच काम करायचं. २०१९ ची एक्स्प्रेस आवृत्ती उतरवून घेतली. ती फुकट आहे, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि अण्णांचा डेटा तेवढा नव्हता.

आता लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी एलडीएफ फाईल, सापडेना. एलडीएफ मी आणलीच नव्हती, म्हटलं नवी बनेल. 'अटॅच रिबिल्ड लॉग' लावून पाहिलं, सर्व्हरने साफ नकार दिला. तो पर्याय चालतो डेटाबेस नीट बंद झालेला असेल तर. इथे तर लाईटने दगा दिलेला. परत जुनी डिस्क जोडली, एलडीएफ आणली. तरीही 'नॉट फाउंड', कारण एमडीएफच्या पोटात लॉगचा जुना पत्ता होता. अटॅचच्या खिडकीत खालच्या रकान्यात नवा पत्ता घातला आणि डेटाबेस उभा राहिला! लगेच डेटाबेस तपासणारी 'डीबीसीसी चेकडीबी' कमांड चालवली. एकही एरर नाही.

एवढं होऊनही सॉफ्टवेअर लॉगिन घेईना. डेटाबेसमधला यूझर आला होता, पण सर्व्हरवरचं लॉगिन जुन्या मशीनबरोबर गेलं होतं. त्याच नावाचं नवं बनवलं तरी दोघांचा एसआयडी, म्हणजे आतला ओळख क्रमांक, जुळेना. 'ऑल्टर यूझर'ची एक ओळ लिहून दोघांची गाठ मारली.

रात्री साडेअकराला बिलं दिसायला लागली. पहिला बॅकअप घेऊन पेनड्राइव्ह अण्णांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटची नोंद पाहिली. "शनिवारचं एक बिल कमी आहे बघ. लाईट गेली तेव्हा तेच टाकत होतो."

ते सेव्हच झालं नव्हतं, सर्व्हर उठताना त्याने लॉग वाचून अर्धवट नोंद मागे घेतली होती. अण्णांनी गल्ल्यातून चिठ्ठी काढली आणि मला म्हणाले, सरक जरा.