घराचा ढाळ

आमच्या घराला ढाळ आहे. ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मी जन्मापासून राहतोय. याच फरशीवर रांगलो, गोट्या खेळलो. गोट्या दरवेळी बाल्कनीकडेच का पळतात, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही. त्याचं उत्तर मिळालं पन्नाशी उलटल्यावर, एका जुन्या रेकॉर्ड प्लेअरमुळे.

प्लेअर चोरबाजारातला, मटण स्ट्रीटवरचा. सत्तरच्या दशकातला, जपानी, डायरेक्ट ड्राइव्ह. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच्या तक्रारी येणार आहेत आणि म्हातारपणाची दुखणी माहेरच्यांच्या माथी मारणं बरं नाही. "एकदम चालू कंडिशन, साब. घर जाके पिन लगाओ," दुकानदार म्हणाला. मी वरचा ॲल्युमिनियमचा थाळा काढून वेगळा पेपरात गुंडाळला, सँडहर्स्ट रोडहून स्लो लोकल पकडली आणि ठाण्यापर्यंत ते धूड मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या काकांनी कुर्ल्यापर्यंत त्याला इंडक्शनची शेगडी समजून भाव विचारला.

घरी जाऊन खरंच पिन लावली असती तर धूर निघाला असता. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत १०० व्होल्ट लिहिलं होतं. जपानमधल्या घरात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. म्हणजे आधी लॅमिंग्टन रोडची वारी, मग ट्रान्सफॉर्मर. तो आणून कपाटाआड, प्लेअरपासून हातभर लांब ठेवला, कारण तो स्वतःच बारीक आवाजात गुणगुणतो.

"यात एवढं काय आहे?" आईने विचारलं. मी सांगायला बसलो. जुन्या प्लेअरमधली मोटर मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घ्यायची, रेकॉर्डला तर हवे असतात सव्वातेहतीसच्या किंचित वर, ३३⅓. मग मध्ये रबराचं चाक किंवा पट्टा घालून वेग उतरवायचा. चाकावाटे मोटरची घरघर सुईपर्यंत पोचायची, आणि पट्टा ताणून सैल व्हायचा. आपल्या हवेत तर रबराचं एक दिवस डांबरच होतं. मात्सुशिता कंपनीतल्या शुइची ओबाता या इंजिनिअरने वेगळा विचार केला: मोटरच हळू फिरवायची आणि थाळा थेट तिच्या आसावर बसवायचा. हाच तो डायरेक्ट ड्राइव्ह. १९७० साली त्यांचा टेक्निक्स एसपी-१० हा प्लेअर बाजारात आला, दोन वर्षांनी एसएल-१२००. पुढे जगभरचे डीजे त्याच एसएल-१२०० च्या प्रेमात पडले.

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आधीचं शिलाई मशीन आणि हे जातं," ती म्हणाली. मी याबद्दल महिनाभर वाचत होतो. तिला पाच मिनिटं लागली.

तर, ढाळ. सुई धरणारा हात, म्हणजे टोनआर्म, वजन साधून सोडला की हवेत तरंगायला हवा. तो तरंगायचा, पण हळूहळू एका बाजूला सरकायचा. मला वाटलं, बेअरिंग गेलं. खालच्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याची पाणसळ मागून आणली. थाळ्यावर ठेवली तर बुडबुडा एका टोकाला. टेबलावर ठेवली, तेच. जमिनीवर ठेवली, तेच. स्वयंपाकाच्या ओट्यालाही ढाळ, पण तो उलटा, सिंककडे. पाणसळ परत न्यायला आलेला गवंडी म्हणाला, "साहेब, घराला ढाळ असतोच. नाहीतर पाणी जाणार कुठं?"

त्याचं बरोबर होतं. फक्त माझ्या फरशीवरून पाणी जायचं नव्हतं, सुई जायची होती.

मग कडप्पा आला. कुणाच्या तरी ओट्याचा उरलेला तुकडा, दोन फूट बाय दीड. त्याखाली चार टेनिसचे चेंडू अर्धे कापून पालथे घातले, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या घड्या, आणि बुडबुडा मधोमध आला. चेंडू ढाळासाठी नव्हते, चालण्यासाठी होते. मुलगी हॉलमधून टाचा आपटत गेली की सुई उडायची. घरात कोण कसं चालतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बायको अलगद चालते. आई पाय ओढते, त्याने सुईला काही होत नाही. सगळ्यात जड पाऊल माझं निघालं. रेकॉर्ड लावून खुर्चीकडे परत जाताना सुई उडवणारा मीच.

नवं कार्ट्रिज, म्हणजे टोनआर्मच्या टोकाची सुईवाली डबी, बसवणं हे या सगळ्यातलं अधिकृत अपग्रेड. त्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार टोप्या चार पिनांवर चढवायच्या: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. मुलीचा भुवयांचा चिमटा घेऊन बसलो. हिरवी चढली की पांढरी निघायची. दीड तास गेला, तिसऱ्या चष्म्याने काम झालं.

त्यानंतर वजन. या सुईला २ ग्रॅम भार हवा. आधी मागचं वजन फिरवत फिरवत हात तरंगता करायचा, तिथे आकडा शून्यावर आणायचा आणि मग दोनपर्यंत जायचं. आकड्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून मित्राच्या सराफीच्या दुकानातला छोटा काटा एका रविवारी उसना आणला. १.९८. मित्र म्हणाला, "दोन मासे धर." क्षणात तोळा क्षणात मासा म्हणतात ते या टोनआर्मला चपखल बसतं. नखभर फिरवलं की पाव ग्रॅमचा फरक.

आई हे बघत होती. "आम्ही तर सुईवर पन्नास पैसे ठेवायचो," ती म्हणाली. "उडायला लागली की तुझे बाबा नाणं चिकटवायचे." पन्नास पैशांचं ते नाणं पाचेक ग्रॅमचं. बाबांच्या रेकॉर्ड मी त्याआधी लावल्या होत्या आणि काही जागी, विशेषतः वरच्या सुरांत, आवाज खरखरतो म्हणून नव्या सुईला दोष देत होतो. ती खरखर नव्या सुईची नव्हती, नाण्याची होती. बाबांना कोणती बाजू जास्त आवडायची, ते खाचांच्या झिजेवरून आता सांगता येतं.

पण खरी लढाई झाली ती गुणगुणीशी. सुईतून येणारी वीज व्होल्टच्या काही हजारांश भागांएवढी असते. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, खाचा एकमेकींत शिरू नयेत म्हणून. वाजवताना प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे सुईची बारीक वीज मोठी करणारा डबा, ते पुन्हा उचलतो. हा उचलण्याचा तक्ता आरआयएए, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, तिच्या नावाने १९५४ पासून ठरलेला आहे. आता खालचे सूर उचलायचे म्हटल्यावर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घूंऽऽ सुद्धा उचलली जाणारच. आमच्याकडे तर गायकाच्या आधी तानपुरा सुरू व्हायचा आणि रेकॉर्ड संपली तरी थांबायचा नाही. फ्रिज बंद झाला की टप्. शेजारी मिक्सर लागला की चटणी आमच्या स्पीकरमध्ये.

अर्थिंगची वायर जोडली, काढली, उलटी जोडली. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने होल्डरला लावलेला बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला. बल्ब लागला नाही. दुसऱ्या प्लगमध्ये धरला. नाही. "काका, तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे," तो म्हणाला. इतकी वर्षं फ्रिजला हात लावताना मुंग्या येतात त्या थंडीमुळे, अशी आमची घरगुती समजूत होती.

घरभर अर्थिंग घालून घेतलं. त्याचा खर्च प्लेअर, ट्रान्सफॉर्मर आणि कार्ट्रिज या तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त झाला. बायकोला हा खर्च पटला, बाकीचा नाही. ज्या संध्याकाळी तानपुरा थांबला त्या संध्याकाळी रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधीची शांतता मी चार वेळा लावून ऐकली.

एक काम मात्र कायमचं राहिलं. थाळ्याच्या कडेला ठिपक्यांच्या रांगा असतात आणि शेजारी विजेच्या तालावर लुकलुकणारा एक निऑनचा दिवा. दिव्याच्या लुकलुकण्यात ठिपके जागच्या जागी उभे दिसले की वेग बरोबर. पुढे सरकले तर जास्त, मागे सरकले तर कमी. जपानमध्ये अर्ध्या देशात वीज ५० हर्ट्झची आणि अर्ध्यात ६० ची, त्यामुळे माझ्या प्लेअरवर दोन्हींसाठी वेगळ्या रांगा आहेत. आपली ५० वाली, १८० ठिपक्यांची. पण माझा निऑन मेलेला. वेगाचा नॉब गंजलेला होता, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तीसेक वेळा इकडून तिकडे फिरवला, पण वेग जुळला की नाही ते बघायचं कशाने? हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली ठिपक्यांची नुसती करडी पट्टी दिसते.

स्वयंपाकघरात मात्र अजून चोकची जुनी ट्यूब आहे. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आपल्याला कळत नाही एवढंच. प्लेअर उचलून ओट्यावर ठेवला, खिडकी लावून घेतली, ट्यूब लावली. ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे पुढे चालले होते. नॉब केसभर मागे घेतला. रांग मंदावली, रेंगाळली, आणि थांबली. थाळा फिरतोय आणि ठिपके उभे.

अर्थिंग झाल्यावर इलेक्ट्रिशियन त्या ट्यूबकडे बघून म्हणाला होता, "ही पण बदलून टाकू, एलईडी लावतो, बिल कमी येईल." मी नको म्हटलं. बायको काहीच बोलली नाही, पण नवी पट्टी घरात येऊन पडली आहे, मी पाहिली आहे. मी दोन स्टार्टर आणि एक चोक आणून बाबांच्या रेकॉर्डच्या मागे ठेवले आहेत.

दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी वेग तपासायचा असतो. आई ओट्यावरचं पोळपाट बाजूला घेते, पिठाचे हात पुसते आणि भर दुपारी ट्यूब लावते. स्टार्टर दोनदा फडफडतो.

"राहिल्या का रे उभ्या, मुंग्या?"

"थांब जरा, चालतायत अजून."