चौथ्या धुण्याचं पाणी

२३ नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

उद्या पहाटे नळाला पाणी येणार, म्हणून आई लवकर झोपली. हंडे, पिंप, बादल्या सगळं रिकामं करून मोरीत मांडून ठेवलंय. मलाही झोपायला हवं, पण पर्सनल स्टेटमेंटचा, म्हणजे विद्यापीठाच्या अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यायच्या निवेदनाचा, पाचवा खर्डा आज संध्याकाळी पुरा झाला आणि आधीच्या चार खर्ड्यांत काय चुकत होतं ते आज पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. विसरायच्या आत लिहून ठेवते.

पहिला अर्ज १ डिसेंबरला बंद होतोय, दुसरे दोन १५ डिसेंबरला. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात पीएचडी करायची, अमेरिकेत, हे ठरून वर्ष झालं. गुणपत्रकं तयार आहेत, शिफारसपत्रांसाठी तिघांना सांगून झालंय. अडलं होतं ते या दीड पानावर.

पहिला खर्डा दिवाळीच्या आधी लिहिला. त्याची सुरुवात १८७७ पासून होती. सोलापूरची जुनी मिल त्या साली उभी राहिली, तिथून मी निघाले. मग १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे. मग डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापुरात जन्मलेले, १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. शहरातून दूरदेशी जाणाऱ्या माणसांत मला त्यांच्याशी नातं जोडायचं होतं. त्यानंतर आमची अशोक चौकाकडची गल्ली, मागांचा दिवसरात्र खडखडाट, आणि डायिंगमध्ये, म्हणजे सूत रंगवण्याच्या कारखान्यात, तीस वर्षं काढलेल्या बाबांच्या नखांत कायमचा बसलेला मरून रंग. ९०० शब्दांतले ६०० इथंच संपले. लिहिताना डोळे भरून आले होते. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

तो खर्डा मी मॅडमना नेऊन दिला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला त्याच माझ्या गाईड होत्या. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे वाचून कुणालाही सोलापूरबद्दल माया वाटेल. पण तुला कुठल्या प्रयोगशाळेत बसवायचं, ते काही कळत नाही." मग विचारलं, "प्रोजेक्टचं शेवटी काय झालं, ते कुठंय यात?"

ते मी मुद्दाम गाळलं होतं.

प्रोजेक्ट असा होता. आपल्या जिल्ह्यात डाळिंब मुबलक, सालींना कुणी विचारत नाही. साली वाळवून, जाळून कोळसा करायचा आणि त्यावर डायिंगच्या पाण्यातला रंग शोषला जातो का ते बघायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये लाल रिॲक्टिव्ह डाय विरघळवला, त्यात कोळसा घालून हलवला, गाळला, पाण्यात रंग किती उरला ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला लावला. नव्वद टक्क्यांच्या वर रंग गेला. आलेख सुरेख आले, प्रोजेक्टला चांगले मार्क मिळाले. व्हायवा झाल्यावर, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मी बाबांना म्हटलं, तुमच्याकडचं खरं पाणी एक बाटली आणा. तोच कोळसा, तेवढाच वेळ. वीस टक्केसुद्धा रंग हलला नाही.

दोन आठवडे मी त्या बाटलीभोवती फिरत होते. माझा प्रयोग पीएच ३ ला बसवलेला होता (पीएच सातच्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे अल्क), कारण आम्लात तो कोळसा उत्तम चालतो. डायिंगचं पाणी निघतं पीएच १० च्याही वर. रिॲक्टिव्ह डाय सुताला पक्का धरावा म्हणून त्यात सोडा ॲश घालतात, अल्क नसेल तर रंगाची आणि कापसाची गाठच पडत नाही. त्या अल्कात माझ्या कोळशाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो, डायही ऋण भाराचा, मग दोघं एकमेकांना लांब ढकलतात. पीएच खाली आणायचा तर आम्ल ओतावं लागेल, आणि आम्ल व अल्क एकत्र आले की पुन्हा मीठच तयार होणार. मीठ तर त्या पाण्यात आधीच भरमसाट असतं. रंग पाण्यात न राहता सुताकडे जावा म्हणून ते घालतात, आणि काम झालं की सगळंच्या सगळं गटारात जातं. म्हणजे माझा उपाय त्या पाण्याचा खारेपणा आणखी वाढवणारा होता.

मॅडमना एवढं सगळं सांगून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता बोललीस ना, तेच लिही."

मला वाटायचं, फसलेला प्रयोग दाखवला तर विद्यापीठाची निवडसमिती मला नापास करेल. आता कळतंय की समितीला माझ्या मार्कांचं गुणपत्रक वेगळं मिळतंच. या दीड पानात त्यांना बघायचं असतं की ही मुलगी प्रश्न कसा शोधते, अडली तर काय करते, आणि तिचा पुढचा प्रश्न आमच्याकडे सुटण्यासारखा आहे का. पाच वर्षं पगार देऊन ठेवायचं माणूस आहे, ते एवढं बघणारच.

दुसरा आणि तिसरा खर्डा तरीही बिघडलेच. दुसऱ्यात सगळे सेमिनार, सगळी प्रमाणपत्रं आली. तिसऱ्यात पाणी, हवामान, शेती, जगाचं सगळंच सुधारायला मी निघाले होते. चौथ्यात पहिल्यांदा एक प्रश्न आला आणि तो हा: आम्ल न घालता, आहे त्या खाऱ्या आणि अल्क पाण्यातच रंग तोडता येईल का? हवा नसताना काही जिवाणू ॲझो रंगाचा (ज्याच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा दुवा असतो त्याचा) बंध तोडतात, हे मी वाचलं होतं. रंग जातो, मागे त्याचे तुकडे, ॲरोमॅटिक अमाइन्स, राहतात, त्यांचा निकाल पुढच्या टाकीत हवेवर जगणारे जिवाणू लावतात. पण मीठ वाढलं की साधे जिवाणू मान टाकतात. मग मीठ आणि अल्क दोन्ही सोसणारे हवेत, आणि तसे असतात. आपल्याच लोणारच्या सरोवराचं पाणी खारं आणि पीएच दहाच्या आसपासचं, त्यातही जीव राहतातच की. हे सुचलं त्या दिवशी मी दुपारचं जेवायचं विसरले.

एकदा प्रश्न हातात आल्यावर बाकीचं आपोआप गळायला लागलं. प्रत्येक वाक्याला विचारायचं: तू या प्रश्नाकडे नेतंस का? नसेल तर बाहेर. १८७७ गेलं. हुतात्मे गेले. कोटणीस काढताना हात थांबला होता, पण ते गेले. "आपल्या जगविख्यात विद्यापीठात" गेलं, ते तर कुठल्याही विद्यापीठाला चिकटवता येतं. त्याजागी प्रत्येक अर्जात त्या त्या विभागातले दोन प्राध्यापक आणि त्यांचं नेमकं कुठलं काम माझ्या प्रश्नाला लागतं, हे आलं. त्यासाठी एकेकाचे तीन-चार पेपर बसून वाचावे लागले. एका ठिकाणाचे वाचल्यावर लक्षात आलं की तिथं माझ्या विषयावर कुणीच काम करत नाही. ते विद्यापीठ यादीतून काढलं आणि अर्जाच्या फीचे पैसेही वाचले.

एक घोळ मात्र बरेच दिवस होता. काही विद्यापीठं स्टेटमेंट ऑफ पर्पज मागतात, काही पर्सनल स्टेटमेंट, काही दोन्ही वेगवेगळी. मी एकच मजकूर सगळीकडे टाकणार होते. दोन्ही मागतात तिथं पहिल्यात संशोधन आणि दुसऱ्यात आपण कुठून आलो, कशातून गेलो, हे अपेक्षित असतं. एकच मागतात तिथं त्यांच्या सूचना शब्दशः वाचाव्या लागतात. एका ठिकाणी ५०० शब्दांची मर्यादा आहे, दुसरीकडे दोन पानं.

आणि बाबांची नखं? ती काढताना मला अपराध्यासारखं वाटलं. पाचव्या खर्ड्यात बाबांचं एकच वाक्य उरलं होतं, सुरुवातीचं: माझे वडील सूत रंगवतात त्या ठिकाणी रंगलेल्या लडी तिसऱ्यांदा धुतल्या तरी पाणी लालच निघतं. तिथून लगेच बाटली, कोळसा, वीस टक्के.

आज बाबा दुसरी पाळी संपवून साडेदहाला आले. मी ताट वाढलं, भाकरी, शेंगाचटणी, पिठलं. म्हणाले, "अजून लिहायलीस व्हय?" मग मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करून. त्यांनी खाणं थांबवून ऐकलं. शेवटी मला वाटलं काही तरी भरल्या गळ्यानं म्हणतील.

ते म्हणाले, "तिसरं नव्हं, चौथं लिही. मरूनला चौथ्या धुण्याला पण लाल निघतंय. जो रंग पाण्यातच मेला तो सुताला धरतच न्हाई, नुसता चिकटून बसतोय."

हायड्रोलाइझ झालेला, म्हणजे सुताऐवजी पाण्याशीच जोडला गेलेला, डाय. पुस्तकात मी दोन पानं वाचून समजून घेतलेली गोष्ट.

मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आन् मिठाचं काय लिहिलंस? नुसतं 'पुष्कळ' लिहू नको. गडद रंगाला जेवढं सूत तेवढं मीठ, असं धर. शंभर किलोचा लॉट असला तर पन्नासची दोन पोती आम्हीच पाठीवरनं नेऊन ओततो."

मी वहीत हिशोब केला. शंभर किलो सूत, त्याच्या वीसपट पाणी म्हणजे दोन हजार लिटर, त्यात शंभर किलो मीठ. लिटरला पन्नास ग्रॅम. मी वाचलेल्या पेपरांतल्या आकड्यांत अगदी बसलं. चौथ्या खर्ड्यापासून "मिठाचं प्रमाण बरंच जास्त" असं एक पोकळ वाक्य मी सांभाळत आले होते. ते खोडलं आणि दोन पोत्यांचं लिहिलं. वर "तिसऱ्यांदा"चं "चौथ्यांदा" केलं.

४९७ शब्द झालेत. बाबा झोपले. पाणी साडेचारला येतं, गजर चारचा लावलाय.