डिस्चार्ज रॉडवरची ठिणगी

आमच्या सिंधुदुर्गात पहिला जोराचा पाऊस झाला की अकेशियाची झाडं तारांवर पडायला सुरुवात होते. वन खात्याला ही झाडं का आवडली देव जाणे, पण आम्हा वायरमनना विचारून कोणी लावली नसणार.

त्या दुपारी 11 केव्हीच्या, म्हणजे 11,000 व्होल्टच्या लाईनच्या एका फाट्यावर असंच झाड आडवं होऊन तिन्ही तारा तुटल्या होत्या. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट, म्हणजे लाईन बंद करून काम करायची परवानगी घेतली, खांबावरचा एबी स्विच उघडून सप्लाय तोडला, कुलूप घातलं. पुढे ती लाईन एका काजू कारखान्याच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर जाऊन संपते, त्यामुळे पलीकडून सप्लाय यायचा प्रश्नच नव्हता. तरी माझ्याबरोबरचे जुने वायरमन तात्या म्हणाले, "दोन्ही बाजूंका रॉड लाव." पाऊस धो धो, गावातून फोनवर फोन. मी जरा कुरकुरलो.

"घाई कित्याक करतंस?"

डिस्चार्ज रॉड म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवणारी, हूक आणि वायर असलेली काठी. ती लावायची एक रीत आहे. आधी रॉडची वायर जमिनीत ठोकलेल्या सळीला आवळायची, मग काठीचा हूक तारेला. उलटं केलं तर काठी धरणाराच अर्थिंग होतो. मी सळी ठोकली, क्लॅम्प ओढून पाहिला, अलीकडच्या तिन्ही तारा शॉर्ट केल्या. पलीकडे गेलो, पुन्हा सळी, पुन्हा क्लॅम्प, आणि पहिल्या तारेला हूक टेकताच चट्टकन निळी ठिणगी उडाली. पावसाच्या आवाजात इतका वेळ जी घरघर कानावर आलीच नव्हती, ती थांबल्यावर कळलं की कारखान्यात जनरेटर चालू होता.

लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच सप्लाय जोडणारा चेंजओव्हर स्विच नीट नसेल तर जनरेटरची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते. एरवी 11,000 व्होल्टचे 433 करणारा तो डबा तेवढ्याच इमानाने 433 चे 11,000 करतो. आम्ही कारखान्यावर जाऊन डीपीचे डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मर लाईनपासून तोडणारे फ्यूज, काढले, परत येऊन झाड तोडलं, तारा ओढल्या. तोवर मला काहीच झालं नाही. सामान आवरताना मात्र हात असे थरथरायला लागले की पकड पिशवीत जाईना.

तात्यांनी धीर दिला नाही की पाठ थोपटली नाही. "गाडी हयसरच ऱ्हवांदे. चलत जावया." सबस्टेशनपर्यंत चिखलातून चालत गेलो. अर्ध्या वाटेवर थरथर गेली. घाबरल्यावर शरीर पळायच्या तयारीला लागतं, आणि ती तयारी कुठेतरी खर्च व्हावी लागते, हे मला पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं. तात्यांना ते कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

खरा त्रास नंतर सुरू झाला. रात्री फोन वाजला की पोटात गोळा. नुसतं आभाळ भरून आलं तरी जेवण जाईना. काही जण यावर 'औषध' घेतात, कुठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने झोप लागते खरी, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, आणि सकाळी खांबावर चढायचं असतं ते वेगळंच. मी संध्याकाळचा चहा बंद केला, कारण त्यातलं कॅफीन रात्रीपर्यंत अंगात राहतं. सुट्टीच्या दिवशी फोन कामावरच्या जोडीदाराकडे वळवायला लागलो, त्याच्या सुट्टीला त्याचा माझ्याकडे. आणि बायकोला सगळं सांगितलं. इतके दिवस तिला काळजी नको म्हणून गप्प होतो. ती म्हणाली, तुम्ही झोपेत ओरडता ते मला ऐकू येत नाही असं वाटलं का?

खांबाखाली आता मी आधी सावकाश श्वास सोडतो. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. चार-पाच वेळा केलं की छातीतली धडधड उतरते. मग जोडीदाराला मोठ्याने सांगतो: परमिट कोणाचं, स्विच कुठला उघडला, रॉड कुठे कुठे लावले. तो तेच मला परत सांगतो. गोळा विरतो तो बहुतेक इथेच, तारेला लावलेला हूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर.

मध्यंतरी आम्हाला तणावमुक्तीच्या शिबिराला पाठवलं होतं. प्राणायाम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण श्वासाने भीती कमी होते, तारेतली वीज नाही. दोघांचं काम एकाला सांगायचं आणि वर त्याला शांत राहायला शिकवायचं, हे काही मला पटत नाही. एकट्याला पाठवलं तर मी दुसरा माणूस येईपर्यंत खांबाखाली बसून राहतो आणि वेळ वहीत लिहितो. साहेब ओरडतात. ओरडू देत.