झेब्रा हॉवर्थिया आणि ठाण्याचा पावसाळा

सक्युलंटला, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपाला, ‘आठवड्यातून एकदा पाणी’ हा सल्ला ठाणे-नवी मुंबईत वर्षातले जेमतेम चार महिने चालतो. भर जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकलेली असते, आठ-आठ दिवस ऊन नसतं आणि नर्सरीच्या कुंडीत ठासून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेलं असतं. अशा वेळी घातलेलं पाणी जाणार कुठे? ते मुळांभोवती बसून राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. त्यामुळे पाणी किती घातलं यापेक्षा कुंडी किती दिवसांत सुकली, याचा हिशेब ठेवा. हिवाळ्यात पाच-सहा दिवसांत आणि पावसाळ्यात फार तर दहा-बारा दिवसांत ती तळापर्यंत कोरडी झाली पाहिजे. होत नसेल तर आधी कुंडीत भरलेलं मिश्रण, मग कुंडी, मग जागा बदला.

पहिलं रोप घेणार असाल तर पानांवर पांढरे पट्टे असलेला छोटा सक्युलंट, झेब्रा हॉवर्थियाच घ्या. गुलाबाच्या आकाराची एचेवेरिया दिसायला देखणी खरी, पण तिचं मूळ मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. थंड रात्रींची सवय असलेलं ते रोप जूनमध्ये घोडबंदर रोडच्या एखाद्या नर्सरीतून आणलं, तर ऑगस्टपर्यंत खालची पानं जेलीसारखी होऊन गळतात. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेतला, कोरफडीच्या कुळातला. तिकडे तो झुडपांच्या सावलीत वाढतो, त्यामुळे ग्रिलमधला अर्धा उजेड त्याला पुरतो. नर्सरीवाले त्याला ‘झेब्रा कॅक्टस’ म्हणतात. कॅक्टसशी त्याचा काही संबंध नाही. पाटीवर जातीचं नाव बहुतेक वेळा ‘फॅसिएटा’ लिहिलेलं असतं, ते मात्र तपासून घ्या. पानाच्या आतल्या, म्हणजे रोपाच्या मधोमध बघणाऱ्या बाजूवरून नख फिरवा. खडबडीत दाणे लागले तर ती अटेन्युएटा ही दुसरी जात, गुळगुळीत लागलं तर फॅसिएटा. बाजारात मिळणारी बहुतेक रोपं अटेन्युएटाच असतात. निगा दोघांची सारखीच, तेव्हा नावासाठी जास्त पैसे मोजू नका.

या रोपाची पानांवरची छिद्रं रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा छिद्रं मिटून त्यावर अन्न तयार करायचं, असा त्याचा क्रम. पाणी वाचतं ते यामुळेच. पण हे काम नीट चालायला रात्र थोडी गार लागते. मे-जूनमध्ये आपल्याकडे रात्रीही पारा फारसा खाली येत नाही, त्यामुळे रोप जवळपास थांबून राहतं आणि पाणी उचलत नाही. त्याच्या वाढीचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कुंडी बदलणं, खत, बुडाशी फुटलेली पिल्लं (छोटी रोपं) वेगळी करणं, सगळं याच काळात उरकायचं.

रोप घरी आणलं की कुंडी उपडी करून मुळं बघा. कोकोपीटच्या गोळ्याच्या आत बरेचदा बारीक जाळी किंवा स्पंजचा तुकडा असतो. मुळं त्यात अडकलेली असली तरी तो कात्रीने कापून काढा, कारण सगळ्यात उशिरा सुकतो तोच. वरचे रंगीत खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर तेही उचकटून टाका. पाणी आत जाऊ देत नाहीत आणि खालची ओल दिसू देत नाहीत. मुळं चिमटीत दाबून पाहा. पांढरी आणि टणक ती ठेवायची. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर नुसती साल हातात येते ती कापायची. हॉवर्थिया जुनी मुळं स्वतःहूनही टाकतो, त्यामुळे अशी थोडी दिसली म्हणून घाबरू नका. कापल्यावर रोप तीन-चार दिवस सावलीत वर्तमानपत्रावर पडू द्या.

४ इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर मिश्रण लागतं. २०० मिली विटांचे तुकडे (३ ते ६ मिलिमीटर), १५० मिली प्यूमिस किंवा परलाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खनिज दाणे), १०० मिली चाळलेलं, चांगलं जुनं पानांचं खत किंवा गांडूळखत आणि ५० मिली कोळशाचे तुकडे. वीट नीट भाजलेली हवी. कच्ची वीट दोन महिन्यांत विरघळून चिखल होतो. फोडल्यावर चहाच्या गाळणीने भुकटी काढून टाका आणि तुकडे धुऊन घ्या. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात, मग मिश्रण बसतं. परलाइट हाताळण्याआधी त्यावर पाणी शिंपडा, त्याची धूळ नाकात जायला नको. बारीक वाळू घालू नका, ती फटी बुजवते. खाडीची रेती तर अजिबात नको, त्यात मीठ असतं. निंबोळी पेंड इतर झाडांना छान, पण या कुंडीत पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी चढते. मिश्रण जमलं का ते पाहायला कुंडी भरून वरून ग्लासभर पाणी ओता. पाच-दहा सेकंदांत खालून धार लागली पाहिजे.

कुंडी रोपाच्या घेरापेक्षा फक्त इंचभर मोठी. ‘वाढेल तेव्हा लागेल’ म्हणून ८ इंची घेतली तर मुळं एका कोपऱ्यात आणि ओल सगळीकडे. मातीची कुंडी उन्हाळ्यात उत्तम, पण भर पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे तिच्या भिंतीतून फारसं काही उडत नाही, वर हिरवं शेवाळ धरतं. प्लास्टिकची, तळाला आणि बाजूला भोकं असलेली कुंडीही तितकीच चालते. तळाला खापऱ्या किंवा खडीचा थर द्यायची जुनी पद्धत इथे तोट्याची आहे. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, सीमेवरच थबकतं. म्हणजे ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं पुरे. लावताना पानांचा बुडखा मिश्रणाच्या जरा वर राहू द्या आणि पहिलं पाणी पाच ते सात दिवसांनी घाला.

जागा निवडायला एक सोपी कसोटी: जुलैत ज्या खिडकीत पातळ सुती कपडा दोन दिवसांत वाळत नाही, तिथे कुंडीही सुकणार नाही. पूर्वेचं ग्रिल सगळ्यात चांगलं, सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळतं. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये एप्रिल-मेची दुपार कडक असते. पानं विटकरी झाली की ऊन जास्त झालं समजा आणि कुंडी हातभर आत सरकवा. रंग काही आठवड्यांत परत हिरवा होतो. पानं लांब, पातळ होऊन बाहेर फाकली तर उजेड कमी पडतोय. पावसाची झड आपल्याकडे नैऋत्येकडून येते, त्या बाजूच्या ग्रिलमधली रोपं जूनच्या पहिल्या आठवड्यातच आत घ्या. ग्रिलवरच्या पत्र्याची कड कुठे ठिबकते तेही बघून ठेवा. आत घेतल्यावर दिवसातले दोन-तीन तास टेबल फॅनचा वारा मिळाला तर निम्मं काम होतं.

पाणी घालण्याआधी शाश्लिकची (कबाब ओवायची) लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी गडद झाली असेल किंवा तिला कण चिकटले असतील तर थांबा. कोरडी निघाली तर खालून गळेपर्यंत पाणी घाला, ४ इंची कुंडीला १०० ते १२० मिली पुरतं, आणि पंधरा मिनिटांनी बशीतलं पाणी ओतून टाका. अंदाजासाठी सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठ-दहा दिवसांनी. मार्च ते मे बारा-चौदा दिवसांनी, संध्याकाळी. ऑक्टोबर हीटमध्ये दहा दिवसांनी. जून ते सप्टेंबरमध्ये तीन-चार आठवड्यांतून एकदा फक्त ३०-४० मिली, तेही उघडीप मिळेल त्या दिवशी सकाळी, कडेकडेने. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. साचलंच तर टिश्यूच्या टोकाने टिपा. सोसायटीत टँकरचं बोअरचं पाणी येत असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि पानांची टोकं करपतात. अशा वेळी पावसाचं पाणी भरून ठेवून हिवाळ्यात वापरा. खत डिसेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम. जास्त दिलं की पानं फुगतात, मऊ होतात आणि पट्टे फिके पडतात.

सगळ्यात घोटाळा होतो तो सुरकुतलेल्या पानांवरून. पानं सुरकुतली आणि मिश्रण कोरडं असेल तर रोप तहानलेलं आहे. पाणी घाला, तीन-चार दिवसांत ते भरून येतं. पानं सुरकुतली आणि काडी ओली निघाली तर मुळं गेलीत. दोन्हीकडे पान सारखंच दिसतं, म्हणून लोक दुसऱ्या वेळीही पाणी घालतात आणि रोप हातचं घालवतात. शंका आली की रोपाला बुडाशी धरून हलकेच हलवा. डुगडुगलं तर लगेच उपसा. मुळं धुवा, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कुजलेला भाग काप-काप करत वर जा, कापलेली जागा स्वच्छ पांढरट दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुन्हा चढते. हळद लावायची तर लावा, पण खरं काम सुकण्याचं आहे. पावसाळ्यात पंख्याखाली पाच-सात दिवस सुकवा, मग कोरड्या परलाइटवर नुसतं बसवून ठेवा. तीन-चार आठवड्यांत नवी मुळं फुटतात. तोवर पाणी नाही.

कीड म्हणाल तर मुख्यतः पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात, आणि कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी तिथेच बघा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कानकाडीने एकेक टिपा, आठवड्याने पुन्हा. कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी पिठी असेल तर कीड मुळांवर आहे. मिश्रण फेकून द्या, मुळं धुवा, मातीची कुंडी असेल तर उकळत्या पाण्याने धुऊन घ्या.

रोपाला फूटभर लांब, सुतळीसारखा दांडा येऊन त्यावर बारीक पांढरी फुलं लागतात. फुलल्यावर रोप मरत नाही. दांडा ठेवा किंवा कापा, फरक पडत नाही. बुडाशी येणारी पिल्लं आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली आणि त्यांना स्वतःची मुळं दिसली की नोव्हेंबर-डिसेंबरात वेगळी करा. ओढून तोडू नका, जोड ब्लेडने कापा आणि दोन दिवस सुकवा. पानापासून रोप करायचा नाद या जातीत सोडा, बहुतेक पानं नुसतीच वाळून जातात. पिल्लाला अडीच इंची कुंडी पुरते. चहाच्या प्लास्टिकच्या कपाला तापवलेल्या सुईने तळाशी पाच-सहा भोकं पाडली तरी पहिलं वर्ष निघतं. कप पारदर्शक असेल तर आतली ओल बाहेरूनच दिसते, काडीही खुपसावी लागत नाही.