पाणी कुठपर्यंत आलं होतं?

भांडीबाजारात पितळेचा डबा घ्यायला गेले होते, कॅमेरा गळ्यात होता कारण सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, चक्कर मारून आले होते. पावसाचा आणि पुराचा विषय निघाला, नाशिकमध्ये जुलै महिन्यात दुसरा कुठला निघणार. दुकानातल्या काकांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि लाइटच्या बटणांच्या वर एक वीत सोडून भिंतीवर पंजा टेकवला. "हे बघ, इथपर्यंत. दोन हजार एकोणीसला." तेवढ्यात गल्ल्यावरचा धाकटा भाऊ उठला, "नाही हो दादा, एवढं कुठे, इथे होतं," म्हणत त्याने चार बोटं खाली आपला पंजा ठेवला. दोघंही हात काढायला तयार नाहीत आणि मागे पातेल्यांच्या चळतीवर उजेड पडलेला. मी फोटो काढला.

घरी येऊन तो फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघितला आणि खूप वेळ बघत बसले. लहानपणापासून मी हा हात बघत आलेय. आमच्याकडे पुराची गोष्ट सांगताना कुणी आकडा सांगत नाही, हात दाखवतो. धरणातून किती क्युसेक सोडलं ते व्हॉट्सॲपवर फिरत असतं पण घाटावरचा माणूस विचारतो मारुतीला कुठपर्यंत लागलं? रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती हीच आमची खरी पट्टी, गुडघ्याला लागलं की टपऱ्या हलवायला सुरुवात, कमरेला लागलं की सराफ बाजारातले लोक दुकानातला माल वरच्या माळ्यावर चढवतात, आणि मारुती बुडाला म्हटलं की अख्खं गाव होळकर पुलाकडे बघायला धावतं. त्याच्याही वरची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. १७४७ चं देऊळ, त्यावरची घंटा वसईच्या विजयातली, आणि घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर असं आजी सांगायची.

मग ठरवलं की वर्षभर हेच करायचं. घाटावर, पंचवटीत, सराफ बाजारात, दहीपुलावर, कापडपेठेत जायचं, लोकांना एकच प्रश्न विचारायचा आणि त्यांचा हात टिपायचा. एकच ३५ एमएमची लेन्स, फ्लॅश नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हात जिथे आपोआप जाईल तिथेच. खाली फक्त साल लिहायचं. एकूण ६१ हात झाले. सगळ्यात जास्त २०१९ चे, म्हणजे ४ ऑगस्टच्या त्या रविवारचे, मग २०१६ चे, काही २००८ चे, आणि १९६९ चा एक, सोमवार पेठेतल्या एका आजोबांचा. काठी भिंतीला टेकवून ठेवून त्यांनी दोन्ही हात वर केले, तो फोटो जरा हललाय पण मी तोच ठेवलाय.

तांत्रिक एकच सांगते कारण त्यात माझे पहिले तीन आठवडे गेले. घाटाचा दगड काळा आहे आणि कॅमेऱ्याला काळं आवडत नाही, तो त्याला राखाडी करून टाकतो, मग ओला दगडसुद्धा सिमेंटसारखा दिसतो. एक स्टॉप मुद्दाम कमी केला, म्हणजे आत येणारा उजेड निम्मा केला, तेव्हा कुठे तो आपल्या डोळ्यांना दिसतो तसा आला. आणि उजेडाचं म्हणाल तर गंगा इथे दक्षिणेला वळते, त्यामुळे सकाळचं ऊन गावाच्या बाजूला आणि संध्याकाळचं पंचवटीच्या बाजूला. हे मला तीस वर्षं माहीत होतं, पण कॅमेरा हातात घेऊन त्याची वाट बघितल्यावर ते खरं कळलं.

लवकर करायला हवं होतं असंही वाटलं. कुंभाआधी भिंती रंगवतात, २०१५ च्या वेळी बऱ्याच जुन्या खुणा रंगाखाली गेल्या आणि लगेच पुढच्या वर्षी २ ऑगस्टला नदीने नवीन रेघ मारली. आता २०२७ ची कामं सुरू आहेत, घाटावरच्या एका रेघेचा फोटो मी मार्चमध्ये काढला आणि एप्रिलमध्ये गेले तर तिथे नवीन गुलाबी रंग. त्या रेघेचं वाईट वाटलं खरं, पण शेजारच्या चहावाल्या दादांचा हात त्या रंगावर बरोब्बर तिथेच गेला.

सगळ्यात जास्त मी थांबले ती बुधवारच्या बाजारात. तिथे फुलं विकणाऱ्या एका मावशींना विचारलं तर त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच्या कमरेवर आडवा हात ठेवला. "इथं. टोपली डोक्यावर होती म्हणून वाचली." पुढे लसूणवाला, त्याने छातीवर. बांगड्यांवाल्या ताईंनी गुडघ्यावर, मग जरा विचार करून मांडीवर. त्या दिवशी रात्री सगळे फोटो मांडले तेव्हा लक्षात आलं की दुकानवाल्यांचे सगळे हात भिंतीवर आहेत आणि टोपलीवाल्यांचे सगळे अंगावर. त्यांच्याकडे खूण ठेवायला दुसरं काहीच नाही. भिंतीवरची रेघ दाखवता येते, तिचा पंचनामा होतो, मावशींच्या कमरेचा कोण करणार? हे मी कुठे वाचलेलं नव्हतं, फोटोंनीच दाखवलं, आणि तेव्हापासून मी बुधवार चुकवला नाही.

एका माणसाने नको म्हटलं. "ताई, ते परत आठवायला लावू नका." मी कॅमेरा बॅगेत टाकला, आम्ही चहा घेतला, त्यांची गोष्ट इथे लिहीत नाहीये.

शेवटचा हात आईचा. आमचा वाडा नदीपासून दोन गल्ल्या वर होता, २०१६ नंतर एका बाजूची भिंत कलली, भावकीत ठरेना ठरेना करत शेवटी पाडला आणि आता तिथे पत्रे लावलेत. आईला मी इंदिरानगरहून रिक्षाने घेऊन गेले. पत्र्यांच्या फटीतून आत गेलो, नुसतं गवत आणि एका कोपऱ्यात आमच्या न्हाणीघराची शहाबादी फरशी अजून तशीच. ती सरळ चालत गेली, एका जागी थांबली, म्हणाली इथे देवघराचं दार, आणि हवेत हात धरला. खांद्याच्या जरा वर. पंजा सपाट, बोटं जुळलेली, जशी भिंतीवर टेकवतात तशीच. मला फोकस करायला वेळ लागला कारण डोळे भरून आले होते, पण ती हात खाली न घेता उभी राहिली. "झालं का गं?" म्हणून दोनदा विचारलं.

आता प्रिंट काढून ज्याचा त्याला नेऊन देतेय. ८ बाय १२, मॅट. मावशींनी त्यांचा प्रिंट पदराला हात पुसून घेतला आणि टोपलीखालच्या पिशवीत कागदात गुंडाळून ठेवला. भांडीबाजारात परवा गेले तर दोघा भावांचं पुन्हा सुरू, फोटोत कुणाचा हात बरोबर. मी फ्रेम कुठे लावायची विचारलं, तर काकांनी तेच स्टूल ओढलं, वर चढले, आपल्या जुन्या खुणेवर पंजा ठेवला आणि त्याच्यावर आणखी एक वीत मोजून खिळा ठोकला. "इथे भिजायचा नाही," म्हणाले.