नक्कीची पहाट आणि आईचं गुरुशिखर

आमच्या दांडिया बाजारात कुणालाही विचारा, माउंट अबूला किती वेळा गेलात, कुणी मोजलेलंच नसतं. बडोद्याहून रात्रीची ट्रेन धरायची, पहाटे आबू रोडला उतरायचं, स्टेशनवर रबडी खायची आणि मग जीपने २८ किलोमीटर घाट चढून वर. बोटिंग, सनसेट पॉइंट, मार्केट, झालं अबू, परत बडोदा.

या वेळी आईसाठी गेलो. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडायलाच तयार नव्हती, आणि आयुष्यभर गुरुवार केले तरी अबूचं दत्ताचं गुरुशिखर राहिलं ही रुखरुख तिला होतीच. म्हटलं उत्तरायणाचे पतंग उतरले की निघायचं.

पहिल्या रात्री हॉटेलचा गीझर बंद आणि ब्लँकेटं इतकी पातळ की आईला शालीवर माझं जॅकेट घालून झोपवलं, मला फार राग आला कारण जानेवारीत तिथे पारा शून्याच्या आसपास जातो हे त्यांना माहीत असणारच ना! पण झोप नाही म्हणून उजाडताच नक्की तलावावर गेलो आणि जे दिसलं ते इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. नक्की एकदम शांत, पाण्यावरून वाफ निघतेय, बेडकासारखा दिसणारा टोड रॉक वरून बसल्यासारखा बघतोय, आणि काठाला बांधलेल्या पेडल बोटींच्या सीटवर बर्फाचा पांढरा पापुद्रा. लेकाने त्यावर नखाने स्वतःचं नाव कोरलं. आई म्हणाली, "अरे, हा तलावही देवांनी नखांनीच खणला म्हणतात, म्हणून नक्की." मग ती गांधी घाटावर बराच वेळ बसली. गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ ला इथेही विसर्जित केल्या होत्या. संध्याकाळच्या गर्दीत ती जागा कुणाला दिसतसुद्धा नाही.

देलवाड्याची जैन मंदिरं पर्यटकांना दुपारी १२ नंतर उघडतात, फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे, माणूस मान वर करून नीट बघतो तरी. त्यातली विमल वसही १०३१ ची, लूण वसही १२३० ची. लूण वसहीच्या छतातून जे संगमरवरी कमळ खाली लोंबतं त्याच्या पाकळ्या इतक्या पातळ आहेत की उजेड आरपार जातोय असं वाटतं. मी २ तास तिथून हललेच नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुशिखर. १७२२ मीटर, अख्ख्या अरवलीतलं सगळ्यात उंच टोक, आणि तिथे आपले दत्त महाराज! पायऱ्या आई थांबत थांबत चढली, मी हात पुढे केला तर म्हणाली "नको गं, माझी मी येते." वर वारा असा की पदर धरून ठेवावा लागत होता. पादुकांपुढे तिने डोकं टेकलं आणि हळूच म्हणाली, "अवधूत चिंतन..." मागून कुणीतरी अनोळखी काकांनी लगेच पूर्ण केलं, "श्री गुरुदेव दत्त!" आईने वळून बघितलं आणि हसली. किती महिन्यांनी हसली ते मला माहीत आहे.

परतताना आबू रोडला ट्रेनची वाट बघत तिने रबडी मागितली, अर्धी संपवली आणि विचारलं, "गिरनारला आता रोपवे झालाय ना गं?"